ड जीवनसत्त्व, गर्भावस्था व बालकांचे श्वसनस्वास्थ्य

ड जीवनसत्त्व, गर्भावस्था व बालकांचे श्वसनस्वास्थ्य : गर्भिणीच्या शरीरातील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण आणि तिच्या अपत्याच्या श्वसन तंत्राची वाढ, त्यास होणारे संक्रामण व दम्यासारखे विकार यांच्यातील संबंध हा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकीय संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय ठरला आहे. ड जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे मुलांना मुडदूस व प्रौढांना, विशेषतः गर्भिणींना, अस्थिमार्दव (हाडे मऊ होण्याचा विकार) होतो, हे पूर्वीपासून ज्ञात होते. त्याच जीवनसत्त्वाचा फुप्फुसांच्या घडणीशी व प्रतिरक्षेशी (रोगप्रतिकारक्षमतेशी) संबंध असावा, ही कल्पना मात्र त्या मानाने अलीकडची आहे. ती अंशतः सिद्ध झाली असून अंशतः अजून वादग्रस्त आहे. त्यामुळे या विषयाचा विचार करताना निश्चित ज्ञान, संभाव्य अनुमान आणि केवळ आशा या तिहींतील सीमारेषा स्पष्ट ठेवणे आवश्यक ठरते. [⟶ जीवनसत्त्वे, दमा, मुडदूस].

इतिहास : मुडदूस या रोगाचे शास्त्रशुद्ध वर्णन इंग्लंडमध्ये डॅन्येल व्हिसलर (१६४५) व फ्रान्सिस ग्लिसन (१६५०) यांनी केले. औद्योगिक क्रांतीनंतर धुराने काळवंडलेल्या यूरोपीय शहरांतील अरुंद गल्ल्यांमधून हा रोग फार मोठ्या प्रमाणात फैलावला. १९१९ मध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांमध्ये विशिष्ट आहाराने मुडदूस उत्पन्न करून तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा होतो, असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी जंबुपार किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. एकच रोग तेलानेही बरा होतो व प्रकाशानेही, हे त्या वेळी मोठेच कोडे होते. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी तेलातील हा मुडदूसरोधक घटक अ जीवनसत्त्वाहून भिन्न असल्याचे सिद्ध केले व त्यास ‘ड’ हे नाव मिळाले. जंबुपार किरणांमुळे तोच पदार्थ शरीरात तयार होतो, हे पुढे स्पष्ट झाले. या संशोधनाशी निगडित असलेल्या स्टेरॉलांवरील कार्याबद्दल आडोल्फ व्हिंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या इतिहासात तत्कालीन मुंबई इलाख्याचाही वाटा आहे. हचिसन व शाह यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, पडदा पाळणाऱ्या सुस्थित कुटुंबांतील स्त्रिया व मुले यांच्यात अस्थिमार्दव व मुडदूस आढळतो; उलट उन्हातान्हात राबणाऱ्या, आहाराने मात्र निकृष्ट असलेल्या गरीब कुटुंबांत तो क्वचितच आढळतो. आहार चांगला असूनही केवळ सूर्यप्रकाशाच्या अभावाने रोग होऊ शकतो आणि त्याचा पहिला आघात माता व मूल या जोडीवर होतो, हा या पाहणीचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे.

निर्मिती व चयापचय : ड जीवनसत्त्व हे खऱ्या अर्थाने आहारघटक नसून हॉर्मोनाचा पूर्वगामी पदार्थ आहे. त्वचेतील ७–डीहायड्रोकोलेस्टेरॉल या पदार्थावर सु. २९०–३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण पडले असता त्यापासून ड३ जीवनसत्त्व तयार होते. हे किरण खिडकीच्या काचेतून आरपार जात नाहीत. त्वचेतील मेलॅनीन हे रंजकद्रव्य ते शोषून घेते. धूर व धूलिकण यांमुळे ते अडतात आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते अत्यल्प असतात. आहारातून मिळणारे प्रमाण सामान्यतः थोडे असते. तेलकट मासे, माशांच्या यकृताचे तेल व अंड्यातील पिवळा बलक हे नैसर्गिक उद्‌गम होत. धान्ये, डाळी, भाज्या व फळे यांत ते जवळजवळ नसते. दुधातही नैसर्गिक रीत्या ते अल्पच असते.

त्वचेत किंवा आतड्यातून आलेल्या ड जीवनसत्त्वाचे यकृतात २५–हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वात रूपांतर होते. रक्तात मुख्यत्वे हाच पदार्थ आढळतो व शरीरातील साठा अजमावण्यासाठी त्याचेच मापन करतात. मूत्रपिंडात त्यापासून १,२५–डायहायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व हे क्रियाशील हॉर्मोन बनते. आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फेट यांचे शोषण वाढविणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. हे क्रियाशील रूप १९७१ च्या सुमारास ओळखले गेले. त्यानंतर त्याचे ग्राही (हॉर्मोनाला बद्ध होणारी प्रथिने) आतडे व हाडे यांखेरीज अनेक ऊतकांत, उदा., फुप्फुसाच्या व प्रतिरक्षा तंत्राच्या कोशिकांत, आढळून आले आणि या जीवनसत्त्वाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

मापनासाठी दोन प्रकारची एकके प्रचलित आहेत. मात्रेच्या बाबतीत १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एकके (यापुढे नुसते ‘एकके’). रक्तातील प्रमाणाच्या बाबतीत दर मिलिलिटरमध्ये १ नॅनोग्रॅम म्हणजे दर लिटरमध्ये सु. २.५ नॅनोमोल. दर मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅम किंवा अधिक प्रमाण हाडांच्या आरोग्यास बहुतेकांच्या बाबतीत पुरेसे मानतात. काही तज्ञ ही मर्यादा ३० नॅनोग्रॅम धरतात. हा मतभेद लक्षात न घेतल्यास ‘न्यूनता असलेल्यांची टक्केवारी’ निरनिराळ्या अहवालांत फार वेगळी दिसते.

गर्भावस्थेतील स्थिती : गर्भ स्वतः ड जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्याचा सर्व पुरवठा मातेच्या रक्तातून वारेमार्फत होतो. २५–हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व वारेतून पलीकडे जाते व नाळेतील रक्तात त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या सु. ६०–८०% असते. मातेचा साठा रिता असेल, तर अर्भक रित्या साठ्यानेच जन्मास येते. स्तन्यातही हे जीवनसत्त्व सामान्यतः फार थोडे असल्याने ही उणीव केवळ स्तनपानाने भरून निघत नाही. शिवाय २५–हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाचा रक्तातील साठा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येत असल्याने जन्मतः मिळालेली शिदोरीही पहिल्या काही महिन्यांतच संपते. पूर्ण दिवसांच्या गर्भाच्या हाडांत सु. ३० ग्रॅम कॅल्शियम साठते व त्यातील बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. ही गरज भागविण्यासाठी मातेच्या रक्तातील क्रियाशील हॉर्मोनाचे प्रमाण गर्भावस्थेत दुप्पट ते तिप्पट होते.

भारतात भरपूर सूर्यप्रकाश असूनही गर्भिणींमध्ये ही न्यूनता विपुल आढळते. लखनौ येथे २०७ गर्भिणींची तपासणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८४% स्त्रियांत हे प्रमाण दर मिलिलिटरमध्ये २२.५ नॅनोग्रॅमहून कमी आढळले. या विसंगतीची कारणे अनेक आहेत : घरात किंवा बंदिस्त जागेत जाणारा दिवस, अंगभर वस्त्रे, सावळी त्वचा, शहरांतील धूर, दाटीवाटीची व उंच इमारतींनी वेढलेली वस्ती, शाकाहार, पाठोपाठ होणारी बाळंतपणे आणि कॅल्शियमाची कमतरता. आहारात कॅल्शियम कमी व धान्यातील फायटेटे अधिक असली, म्हणजे शरीरातील २५–हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व अधिक वेगाने खर्ची पडते.

फुप्फुसांची वाढ व ड जीवनसत्त्व : श्वासनलिकांच्या मुख्य शाखा गर्भावस्थेच्या सु. सोळाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. वायुकोशांची घडण अखेरच्या आठवड्यांत सुरू होऊन जन्मानंतरही चालू राहते. वायुकोशांच्या अस्तरातील विशिष्ट कोशिका पृष्ठताण कमी करणारा एक स्राव तयार करतात. त्यामुळे उच्छ्‌वासाच्या वेळी वायुकोश मिटून जात नाहीत. या कोशिकांच्या परिपक्वतेस ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप साहाय्य करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. त्याची न्यूनता असलेल्या माद्यांच्या पिलांची फुप्फुसे लहान राहतात, असेही दिसून आले आहे.

प्रतिरक्षेच्या बाबतीत २००६ मध्ये एक महत्त्वाचा दुवा हाती आला. सूक्ष्मजंतूंचा संपर्क झाल्यावर भक्षिकोशिका २५–हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाचे स्वतःच क्रियाशील रूपात परिवर्तन करतात आणि त्याच्या प्रभावाने कॅथेलिसिडीन हे जंतुनाशक पेप्टाइड निर्माण होते, असे क्षयाच्या जंतूंवरील प्रयोगांत सिद्ध झाले. क्षयरोग्यांना ऊन व कॉड तेल देण्याच्या जुन्या प्रथेला यामुळे काहीसा शास्त्रीय आधार मिळाला. याखेरीज हे हॉर्मोन शोथाची (दाहयुक्त सुजेची) तीव्रता आवरते व अधिहर्षतेस (ॲलर्जीस) कारणीभूत होणाऱ्या प्रतिक्रियांवर नियंत्रण ठेवते, असे मानण्यास जागा आहे.

न्यूनतेचे प्रत्यक्ष परिणाम : तीव्र न्यूनतेचा श्वसनावर होणारा परिणाम निर्विवाद आहे. मुडदूस झालेल्या मुलाच्या बरगड्या मऊ असल्याने श्वास घेताना छातीचा पिंजरा आत ओढला जातो, खोकल्याचा जोर कमी पडतो व फुप्फुसांत साठलेला कफ बाहेर पडत नाही. बरगड्यांच्या टोकांशी मण्यांच्या माळेसारख्या गाठी व छातीच्या खालच्या भागात आडवी खोबण ही अशा मुलांत आढळणारी चिन्हे होत. इथिओपियात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) झालेल्या पाच वर्षांखालील मुलांत मुडदूस असण्याचे प्रमाण निरोगी मुलांच्या तुलनेने सु. तेरा पट आढळले. इंदूर येथील २००४ च्या अभ्यासात बाह्यतः मुडदूस नसलेल्या, पण रक्तात ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बालकांतही फुप्फुसांच्या तीव्र संक्रामणाशी असाच संबंध दिसून आला.

मातेच्या तीव्र न्यूनतेमुळे नवजात अर्भकाच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. अशा अर्भकास झटके येतात. स्वरयंत्राच्या स्नायूंचे आकुंचन होऊन श्वास घेताना कर्कश आवाज होतो व क्वचित श्वास कोंडतो. ही आणीबाणीची अवस्था असून कॅल्शियम व ड जीवनसत्त्व वेळीच दिल्यास ती पूर्णपणे बरी होते. मातेच्या स्थितीचा मुलाच्या श्वसनाशी असलेला हा सर्वांत थेट संबंध होय.

निरीक्षणात्मक अभ्यास : सौम्य न्यूनता व दमा यांचा संबंध मात्र इतका सरळ नाही. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात १,१९४ माता व त्यांची मुले यांच्या २००७ मधील अभ्यासात गर्भावस्थेत अधिक ड जीवनसत्त्व सेवन करणाऱ्या मातांच्या मुलांत तीन वर्षांच्या वयापर्यंत वारंवार छातीत घुरघुर होण्याचे प्रमाण कमी आढळले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील त्याच वर्षीच्या अभ्यासातही असाच निष्कर्ष निघाला. नेदर्लंड्समध्ये १५६ नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्ताची तपासणी करून २०११ मध्ये असे दाखविण्यात आले की, ज्यांच्यात हे प्रमाण दर लिटरमध्ये ५० नॅनोमोलहून कमी होते, त्यांना पहिल्या वर्षात श्वसन तंत्रास ग्रासणाऱ्या एका प्रमुख विषाणूमुळे फुप्फुसांचा आजार होण्याचा धोका ७५ नॅनोमोल किंवा अधिक प्रमाण असलेल्यांच्या सहा पट होता.

याच्या उलट निष्कर्षही आहेत. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील २००८ च्या अभ्यासात मातेच्या रक्तातील प्रमाण ७५ नॅनोमोलहून अधिक असता मुलांत नवव्या वर्षी दमा अधिक आढळला. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या व्यक्तींच्या पाहणीत, शैशवात दररोज २,००० एकके किंवा अधिक मात्रा मिळालेल्यांत प्रौढपणी दम्याचे प्रमाण किंचित जास्त होते. अशा अभ्यासांची एक स्वाभाविक मर्यादा असते. ज्या स्त्रीच्या रक्तात ड जीवनसत्त्व अधिक, ती बहुधा मोकळ्या हवेत वावरणारी, चांगला आहार घेणारी, धूम्रपान न करणारी व सुस्थितीतील असते. मुलाचे आरोग्य यांपैकी कोणत्या कारणाने सुधारले, हे केवळ निरीक्षणाने ठरविता येत नाही.

नियंत्रित चाचण्या : या शंकेच्या निरसनासाठी गर्भिणींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया दोन गट पाडून एकास अधिक मात्रा व दुसऱ्यास नेहमीची मात्रा किंवा निष्क्रिय गोळी देण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी दोन प्रमुख चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बॉस्टन, सेंट लूइस व सॅन डिएगो या शहरांत ८८१ गर्भिणी निवडण्यात आल्या. या स्त्रियांना किंवा त्यांच्या अपत्याच्या पित्याला दमा वा अधिहर्षतेचा त्रास होता. दहाव्या ते अठराव्या आठवड्यापासून एका गटास दररोज ४,४०० व दुसऱ्यास ४०० एकके देण्यात आली. तीन वर्षांच्या वयापर्यंत दमा किंवा वारंवार घुरघुर झालेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात २४.३% व दुसऱ्यात ३०.४% आढळले. हा फरक सांख्यिकीय कसोटीच्या सीमारेषेवर, परंतु तिच्या किंचित पलीकडेच राहिला. डेन्मार्कमध्ये ६२३ गर्भिणींना चोविसाव्या आठवड्यापासून अनुक्रमे २,८०० व ४०० एकके देण्यात आली. तेथे सतत घुरघुर होणाऱ्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे १६% व २०% होते. हा फरकही निर्णायक ठरला नाही. मात्र श्वसनाच्या त्रासाच्या प्रसंगांची संख्या अधिक मात्रेच्या गटात कमी होती.

या दोन चाचण्यांच्या आकडेवारीचा २०१७ मध्ये एकत्रित विचार केला असता तीन वर्षांपर्यंतचा धोका सु. एकचतुर्थांशाने घटल्याचे दिसले. ज्या मातांचे रक्तातील प्रमाण आरंभीच ३० नॅनोग्रॅम वा अधिक होते, त्यांच्या मुलांत लाभ सर्वांत जास्त होता. यावरून गर्भावस्थेच्या आरंभापासून, कदाचित गर्भधारणेपूर्वीपासूनच साठा पुरेसा असणे महत्त्वाचे असावे, असा तर्क करण्यात आला. श्वासनलिकांच्या शाखा फार लवकर तयार होतात, हे वर आलेच आहे. परंतु हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर दोन्ही देशांत पुन्हा तपासली असता दोन गटांतील दम्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक उरला नव्हता. लहानपणीची घुरघुर पुष्कळदा विषाणुजन्य असते व वयाबरोबर ओसरते. खरा दमा निराळा. तेव्हा मिळालेला लाभ पहिल्या काही वर्षांपुरता असावा, असे दिसते. लंडन येथील १८० गर्भिणींच्या चाचणीत, सत्ताविसाव्या आठवड्यापासून मात्रा दिल्यावर, तीन वर्षांच्या मुलांच्या घुरघुरीत काहीच फरक आढळला नव्हता.

संक्रामणाविषयीचे निष्कर्षही संमिश्र आहेत. न्यूझीलंडमध्ये २६० गर्भिणींना सत्ताविसाव्या आठवड्यापासून व त्यांच्या अर्भकांना पहिले सहा महिने ड जीवनसत्त्व देण्यात आले. दीड वर्षापर्यंत श्वसनसंक्रामणासाठी डॉक्टरांकडे न्याव्या लागलेल्या मुलांचे प्रमाण निष्क्रिय गोळीच्या गटात ९९%, मध्यम मात्रेच्या गटात ९५% व अधिक मात्रेच्या गटात ८७% होते. ढाका येथे १,३०० गर्भिणींच्या चाचणीत मात्र अर्भकांच्या पहिल्या सहा महिन्यांतील श्वसनसंक्रामणात घट दिसून आली नाही. काबूल येथे सु. ३,००० बालकांना दर तीन महिन्यांनी १ लाख एककांची मात्रा देऊनही फुप्फुसशोथाचा पहिला झटका टळला नाही (२०१२). एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षा रोजची अल्प मात्रा शरीरास अधिक उपकारक ठरत असावी, असे काही तज्ञांचे मत आहे.

शिफारशी व सुरक्षितता : शिफारशींतील भिन्नता या संमिश्र पुराव्याचेच प्रतिबिंब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्व गर्भिणींना सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस केली नाही. न्यूनता असल्याचा संशय असलेल्यांना दररोज २०० एकके देता येतील, असे म्हटले. ब्रिटनमध्ये गर्भिणींना दररोज ४०० एककांचा सल्ला देतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये रोजची गरज ६०० एकके ठरविली. यांपैकी कोणतीही शिफारस मुख्यतः दमा टाळण्यासाठी केलेली नाही. अर्भकांना जन्मापासून दररोज ४०० एकके देण्याबाबत मात्र बालरोगतज्ञांत बरेच एकमत असून भारतीय बालरोग अकादमीही तसेच सुचविते. दूध व खाद्यतेल यांत अ व ड जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके भारतात २०१८ पासून लागू आहेत.

हे जीवनसत्त्व मेदात विद्राव्य असल्याने शरीरात साठून राहते व अतिमात्रेमुळे रक्तातील कॅल्शियम वाढते. त्यामुळे वांत्या, बद्धकोष्ठ, अतिमूत्रता व मूत्रपिंडास इजा हे परिणाम होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अर्भकांच्या खाद्यांत अनेक मार्गांनी भर घातल्यामुळे असे विकार उद्‌भवले व १९५७ मध्ये ही भर कमी करावी लागली. गर्भिणींच्या बाबतीत दररोज ४,००० एकके ही सुरक्षित कमाल मर्यादा मानतात. काही लाख एककांची इंजेक्शने वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे.

समारोप : उपलब्ध ज्ञानाचा इत्यर्थ असा की, मातेची तीव्र न्यूनता मुलाच्या हाडांना, रक्तातील कॅल्शियमाला व त्यायोगे श्वसनाला अपायकारक असते, ती टाळणे सर्वथा इष्ट, सुलभ व अल्पखर्चाचे आहे. गर्भावस्थेतील पुरेशा साठ्यामुळे बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत घुरघुर कमी होण्याचा संभव आहे. परंतु दमा कायमचा टळतो, असे म्हणण्यास आधार नाही. ज्या लोकसमूहांत न्यूनता सर्वाधिक आहे, त्यांत मोठ्या व दीर्घकालीन चाचण्या त्या मानाने थोड्या झाल्या आहेत. बहुतेक चाचण्यांत तुलनेच्या गटासही काही मात्रा मिळत असल्याने आणि तीव्र न्यूनता असलेल्या स्त्रीस उपचारावाचून ठेवणे नीतीस धरून नसल्याने हा प्रश्न सोडविणे अवघडही आहे. बालकांच्या श्वसनस्वास्थ्यासाठी चुलीचा व तंबाखूचा धूर टाळणे, गर्भिणीचा सकस आहार, निव्वळ स्तनपान, वेळेवर लसीकरण व हवेशीर घर या उपायांचे महत्त्व निर्विवाद आहे. ड जीवनसत्त्व हे त्यांना पूरक आहे. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.